हब, स्विच, राउटर, अ‍ॅक्सेस पॉइंट: कोण काय वाचतं, आणि नेटवर्क अडलं की कुठे बघायचं

तारजोड

लोकल नेटवर्क अडलं की पहिला हात राउटरच्या बटणाकडे जातो. बंद-चालू केल्यावर कधी काम भागतं, पण दोष कुठे होता ते कळत नाही आणि तोच प्रश्न पुन्हा उभा राहतो. हब, स्विच, राउटर, अ‍ॅक्सेस पॉइंट वरून सारखेच दिसतात: प्लास्टिकचं खोकं, ओळीने पोर्ट, लुकलुकणारे दिवे. आतलं काम मात्र अगदी वेगळं. प्रत्येक जण येणाऱ्या माहितीतलं नेमकं काय वाचतो एवढं पक्कं झालं तर अर्धा शोध तिथेच संपतो. म्हणून हा धागा.

सुरुवात फ्रेमपासून. संगणकातून तारेवर निघते ती इथरनेट फ्रेम, म्हणजे माहितीचं एक बांधलेलं पाकीट. आधी ६ बाइटमध्ये घेणाऱ्याचा मॅक पत्ता (यंत्राच्या नेटवर्क पोर्टचा स्वतःचा क्रमांक), मग ६ बाइटमध्ये पाठवणाऱ्याचा, मग आत कोणत्या प्रकारचा मजकूर आहे हे सांगणारे २ बाइट, मग ४६ ते १५०० बाइट प्रत्यक्ष मजकूर, शेवटी चूक पकडण्यासाठी ४ बाइट. म्हणजे सर्वांत लहान फ्रेम ६४ बाइटची, सर्वांत मोठी १५१८ ची. आयपी पत्ता (नेटवर्कमध्ये यंत्राला दिलेला १९२.१६८.१.१० सारखा पत्ता) या मजकुराच्या आत असतो, फ्रेमच्या माथ्यावर नसतो. पुढचं सगळं यावर उभं आहे.

हब यातलं काहीच वाचत नाही. एका पोर्टवर आलेला विद्युत संकेत ताजातवाना करून बाकीच्या सगळ्या पोर्टवर सोडतो. एका वेळी एकानेच बोलायचं. दोघांनी एकदम पाठवलं की टक्कर होते, दोघंही थांबतात, प्रत्येक जण अंदाजाने वेगवेगळा वेळ थांबून पुन्हा प्रयत्न करतो. १०० एमबीपीएसच्या हबला आठ संगणक लावले तर ते १०० सगळ्यांत मिळून. नव्या जोडणीत हबला जागा नाही, पण जुन्या यंत्रांच्या आसपास तो अजून सापडतो, आणि तिथे सगळं हळू का चालतं याचं उत्तर बहुधा तोच असतो.

स्विच मॅक पत्ता वाचतो. फ्रेम आली की आधी पाठवणाऱ्याचा पत्ता बघतो आणि "हा पत्ता ३ नंबरच्या पोर्टवर" अशी नोंद करतो. मग घेणाऱ्याचा पत्ता आपल्या तक्त्यात शोधून फक्त त्याच पोर्टवर फ्रेम सोडतो. प्रत्येक पोर्टवर येण्या-जाण्याच्या वाटा वेगळ्या, त्यामुळे टक्कर नाही. ३ आणि ५ आपसात बोलत असताना १ आणि ७ पूर्ण वेगाने बोलू शकतात. ८ पोर्टच्या गिगाबिट स्विचवर १६ जीबीपीएस क्षमता लिहिलेली असते ती याच हिशोबाने: ८ पोर्ट, दोन्ही दिशा.

राउटर फ्रेम उघडून आतला आयपी पत्ता वाचतो, पुढची वाट ठरवतो आणि त्याच पॅकेटला नवी फ्रेम चढवून पुढे पाठवतो. म्हणजे राउटर ओलांडला की दोन्ही मॅक पत्ते बदललेले असतात, आयपी पत्ते तेच. नॅट, म्हणजे आतल्या सगळ्यांसाठी बाहेर एकच पत्ता दाखवण्याची सोय, चालू असेल तर आयपी पत्ताही बदलतो. स्विच फ्रेममधलं काहीही बदलत नाही; संगणकाच्या दृष्टीने तो मध्ये नसल्यासारखाच असतो.

इतिहासाची एक नोंद: इथरनेटची कल्पना रॉबर्ट मेटकाफ यांनी झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात १९७३ साली मांडली, तेव्हा सगळे संगणक एकाच जाड केबलवर टांगलेले होते. हब म्हणजे तीच सामाईक केबल खोक्यात कोंबलेली. स्विच बाजारात आला १९९० मध्ये.


मृण्मयी

चांगला धागा. एक भर घालते, कारण "स्विच फक्त त्याच पोर्टवर सोडतो" हे नेहमी खरं नसतं.

तीन वेळा स्विच हबसारखाच वागतो. घेणाऱ्याचा पत्ता तक्त्यात नसेल तर फ्रेम आली तो पोर्ट सोडून बाकी सगळीकडे जाते. ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांसाठीची फ्रेम तर कायमच सगळीकडे जाते. आणि साध्या स्विचवर मल्टिकास्टही, म्हणजे एका गटासाठीची फ्रेम. तक्त्यातली नोंद त्या पत्त्यावरून काही काळ फ्रेम आली नाही तर पुसली जाते. नेहमीची मुदत ३०० सेकंद. म्हणून गप्प बसलेल्या प्रिंटरसाठीची पहिली फ्रेम सगळ्या पोर्टवर दिसली तर त्यात बिघाड काही नाही.

दुसरं, संगणकाला समोरच्याचा मॅक पत्ता मुळात कळतो कसा, हे समजल्याशिवाय चित्र पुरं होत नाही. समजा १९२.१६८.१.१० ला १९२.१६८.१.२० कडे फाइल पाठवायची आहे. पहिला संगणक आपला सबनेट मास्क लावून बघतो: २५५.२५५.२५५.० असेल तर पहिले तीन आकडे जुळले, म्हणजे समोरचा याच नेटवर्कमध्ये. मग तो ब्रॉडकास्ट करून विचारतो, "१.२० कोणाकडे आहे?" याला एआरपी म्हणतात, १९८२ पासून हीच रीत आहे. ज्याचा तो पत्ता, तो एकटाच आपला मॅक पत्ता कळवतो. हे उत्तर संगणक थोडा वेळ जपून ठेवतो आणि फाइल निघते. राउटर यात कुठेच येत नाही. राउटर बंद केला तरी ही फाइल पोचेल, दोघांकडे पत्ते आधीपासून आहेत तोवर.

आता एकाला १९२.१६८.१.१० आणि दुसऱ्याला १९२.१६८.२.२० द्या, मास्क तोच, दोन्ही तारा एकाच स्विचमध्ये. दिवे लागतील, लिंक येईल, पिंग (समोरून उत्तर येतं का बघणारी छोटी हाक) मात्र होणार नाही. पहिला संगणक "हा परका" असं ठरवून समोरच्याला न विचारता गेटवेला, म्हणजे नेटवर्कबाहेर नेणाऱ्या राउटरला, विचारतो. स्विच, तार, पोर्ट सगळं धडधाकट. चूक फक्त आकड्यात.

याहून फसवी अवस्था म्हणजे मास्क एकाच बाजूला चुकलेला. १.१० वर २५५.२५५.२५५.० आणि १.२०० वर २५५.२५५.२५५.१२८. पहिल्याच्या मते दुसरा शेजारी, दुसऱ्याच्या मते पहिला परका. विनंती पोचते, उत्तर गेटवेच्या नावाने निघतं आणि बहुतेकदा तिथेच अडकतं. म्हणून हाताने आयपी भरताना पत्ता, मास्क आणि गेटवे तिन्ही दोन्ही यंत्रांवर शेजारी शेजारी ठेवून ताडून बघा.


आरंभ

वाचतोय. दोन प्रश्न. राउटरला मागे चार पोर्ट असतातच, मग वेगळा स्विच कधी लागतो? आणि जुना राउटर पडून असेल तर तो दुसऱ्या खोलीत वायफायसाठी कसा लावायचा? मुख्य राउटरच्या तारेला त्याच्या निळ्या पोर्टमध्ये जोडलं की वायफाय चालतं, पण तिथल्या लॅपटॉपला प्रिंटर दिसत नाही.


शून्यएक

आरंभ, पहिल्याचं उत्तर सोपं आहे. घरगुती राउटर म्हणजे एका खोक्यात पाच कामं: राउटर, ४ पोर्टचा स्विच, वायफाय देणारा अ‍ॅक्सेस पॉइंट, पत्ते वाटणारा डीएचसीपी सर्व्हर आणि नको ती वाहतूक अडवणारा फायरवॉल. लॅन लिहिलेले चार पोर्ट आतल्या स्विचचे. वेगळ्या रंगाचा वॅन पोर्ट राउटरच्या पलीकडच्या बाजूचा. चारांहून जास्त तारा झाल्या की कुठल्याही लॅन पोर्टमधून एक तार ८ पोर्टच्या साध्या स्विचला न्या, झालं. एवढंच ध्यानात ठेवा की त्या स्विचवरच्या सगळ्यांची राउटरकडची वाहतूक त्या एकाच तारेतून जाते. आपसात फाइली पाठवणारी यंत्रं, म्हणजे संगणक आणि स्टोरेज, शक्यतो एकाच स्विचवर ठेवा.

दुसऱ्याचं मूळ वॅन पोर्टमध्येच आहे. तिथे तार लावली की जुना राउटर स्वतःचं वेगळं नेटवर्क उभं करतो आणि त्यावर नॅट चढवतो. तिथला लॅपटॉप पडला त्या वेगळ्या नेटवर्कमध्ये, प्रिंटर मुख्य नेटवर्कमध्ये. प्रिंटर शोधायची हाक ब्रॉडकास्ट किंवा मल्टिकास्ट असते, आणि ती राउटर ओलांडत नाही. इंटरनेट चालतं, कारण बाहेर जाणारी वाट दोन नॅटमधूनही उघडी राहते. त्याला नुसता अ‍ॅक्सेस पॉइंट करून टाका:

१. जुना राउटर मुख्य नेटवर्कपासून सोडवा. संगणक त्याच्या लॅन पोर्टला तारेने जोडून त्याचं सेटिंगचं पान उघडा.
२. वायफायचं नाव, पासवर्ड, चॅनेल आधी ठरवून घ्या.
३. त्याचा लॅन पत्ता बदला. मुख्य राउटर १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२. हा पत्ता मुख्य राउटर ज्या पट्ट्यातून पत्ते वाटतो त्याच्या बाहेरचा हवा. पान आता नव्या पत्त्यावर उघडावं लागेल.
४. डीएचसीपी बंद करा.
५. मुख्य राउटरच्या लॅनमधून याच्या लॅनमध्ये तार. वॅन रिकामा.

सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेस पॉइंट मोड असेल तर तोच निवडा, ३ आणि ४ तो स्वतः करतो.

पायरी ४ विसरलात तर काय होतं ते आधीच सांगतो, कारण तो दोष फार छळतो. एका नेटवर्कमध्ये दोन डीएचसीपी सर्व्हर होतात आणि ज्याचं उत्तर आधी पोचेल त्याचा पत्ता संगणक घेतो. काही यंत्रांना बरोबर गेटवे मिळतो, काहींना जुन्या राउटरचा, ज्याच्या पलीकडे काहीच नाही. लक्षण असं की सकाळी चार संगणकांवर इंटरनेट आहे, दोनांवर नाही, आणि दुपारी वेगळ्याच दोनांवर नाही. अडलेल्या संगणकावर 'आयपीकॉन्फिग /ऑल' ही कमांड चालवा आणि डीएचसीपी सर्व्हरच्या ओळीतला पत्ता बघा. मुख्य राउटरचा नसेल तर चोर सापडला. मग 'एआरपी -ए' ने त्या पत्त्याचा मॅक पत्ता काढा. मॅक पत्त्याचे पहिले ३ बाइट उत्पादकाचे असतात, त्यावरून कोणत्या कंपनीचं खोकं शोधायचं तेही कळतं.


मृण्मयी

+१. आणि पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर अर्थ वेगळा: एकाही डीएचसीपी सर्व्हरचं उत्तर आलं नाही म्हणून संगणकाने स्वतःच पत्ता घेतला. तिथे तार, पोर्ट किंवा बंद पडलेला सर्व्हर बघायचा.

मॅनेज्ड, म्हणजे सेटिंग करता येणारा, स्विच असेल तर आणखी एक कारण असतं. जुन्या पद्धतीचं स्पॅनिंग ट्री (स्विचच्या तारांचं वर्तुळ होऊ न देणारी सोय) चालू असलेला पोर्ट तार लावल्यावर १५ सेकंद ऐकतो, १५ सेकंद शिकतो आणि मग वाहतूक सोडतो. तेवढ्यात संगणक पत्ता मागून मागून थकतो. ज्या पोर्टवर संगणकच लागणार आहे तो एज पोर्ट म्हणून नेमून द्यायचा. दुसऱ्या स्विचला जाणारा पोर्ट कधीही नाही.


काटकोन

तारांवर कोणी लिहिलं नाही अजून. बहुतेक दोष तिथेच असतात, त्यामुळे जरा सविस्तर.

तांब्याच्या तारेची मर्यादा १०० मीटर. यातले ९० मीटर भिंतीतली पक्की तार आणि १० मीटर दोन्ही टोकांच्या पॅच कॉर्ड मिळून. गिगाबिटला कॅट ५ई दर्जाची तार पुरते. १० गिगाबिटला पूर्ण १०० मीटरसाठी कॅट ६ए लागते. कॅट ६ वर ते कमी अंतरापर्यंतच धरायचं.

कनेक्टरमध्ये रंगांचा टी५६८बी क्रम, कनेक्टरची खिटी मागे, सोनेरी पट्ट्या आपल्याकडे आणि तार खालून आत जात असताना डावीकडून: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच. हिरवी जोडी ३ आणि ६ वर फाकलेली आहे, ती मुद्दाम. मधल्या ४ आणि ५ वर एक अखंड जोडी ठेवल्याने टेलिफोनच्या जोडणीशी मेळ राहिला.

क्रिंपिंग करताना, म्हणजे तारेवर कनेक्टर दाबून बसवताना, बाहेरचं आवरण साधारण ३ सेंटीमीटर सोला. आतल्या तारांच्या प्लास्टिकवर पात्याचा ओरखडा उमटला असेल तर ते टोक कापून पुन्हा सुरू करा. तारा सरळ करून क्रमाने लावा, घट्ट धरा आणि आवरणापासून १२-१३ मिलिमीटर ठेवून एका झटक्यात काटकोनात छाटा. कनेक्टरमध्ये सारताना आठही तारांची तांबडी टोकं पुढच्या पारदर्शक भिंतीला टेकलेली दिसली पाहिजेत, आणि बाहेरचं आवरण मागच्या दाबपट्टीच्या खाली गेलेलं पाहिजे. आवरण बाहेर राहिलं की ओढ थेट बारीक तारांवर येते आणि काही महिन्यांनी एक तार सुटते. पिळे १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू नका. पीळ असतो तो शेजारच्या जोडीचा आणि बाहेरचा गोंगाट एकमेकांत मारला जावा म्हणून.

आता सर्वांत महत्त्वाचं. १० आणि १०० एमबीपीएसला फक्त १, २, ३, ६ या तारा लागतात. गिगाबिटला आठही. त्यामुळे ४, ५, ७, ८ मधली एक जरी तुटली तरी लिंक येते, पण १०० वर. कोणाला काही तुटलंय असं वाटतच नाही. फाइल कॉपीचा आकडा बघा: सेकंदाला ११ ते १२ मेगाबाइटवर अडून बसला असेल तर मध्ये कुठेतरी १०० ची लिंक आहे. सुदृढ गिगाबिट लिंकवर हाच आकडा ११० च्या आसपास जातो, डिस्क तेवढी वेगवान असेल तर.

आणि तार घेताना पूर्ण तांब्याचीच घ्या. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तार दिसायला तशीच असते. एक तार सोलून पात्याने हलकेच खरवडा. खाली चंदेरी रंग दिसला तर अ‍ॅल्युमिनियम. तिचा रोध जास्त, वाकवली की मोडते, आणि तारेतूनच वीज पुरवायची असेल तर ती तापते. भिंतीत अशी तार गाडू नये, या मतावर मी ठाम आहे.


शून्यएक

काटकोन, माहिती उत्तम. एका गोष्टीवर मतभेद: छोट्या पॅच कॉर्ड घरी क्रिंप करण्याला माझा विरोध आहे. पॅच कॉर्डमध्ये बारीक धाग्यांची लवचीक तार असते, भिंतीतल्या तारेत एकसंध. दोन्हींसाठी कनेक्टरच्या आतले दात वेगळे. एकसंध तारेवर धाग्यांच्या तारेचा कनेक्टर बसवला तर आज चालतो, पुढे हलतो. भिंतीतली तार भिंतीतल्या सॉकेटवर पंच-डाउन टूलने बसवावी आणि तिथून पुढे तयार पॅच कॉर्ड वापरावी.


काटकोन

भिंतीतल्या तारेसाठी सहमत, सॉकेटच योग्य. पण छताला लावलेला कॅमेरा किंवा अ‍ॅक्सेस पॉइंट असेल तिथे सॉकेट बसवायला जागा नसते, मग तारेला थेट कनेक्टर लावावाच लागतो. अशा वेळी पाकिटावर एकसंध तारेसाठी लिहिलेला कनेक्टर घ्या. कॅट ६ ची तार जाड असते, कॅट ५ई चा कनेक्टर तिच्यावर रेटून बसवू नका.

आणि आठ दिव्यांच्या लॅन टेस्टरवर पूर्ण भिस्त ठेवू नका. क्रमांक एक ते आठ क्रमाने लागले याचा अर्थ फक्त सलगता आहे. कोणी दोन्ही टोकांना नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी अशा सरळ जोड्या लावल्या असतील तरी टेस्टर पास म्हणेल. पण मग ३ आणि ६ वर दोन वेगवेगळ्या जोड्यांमधल्या तारा येतात, पिळाचा उपयोग संपतो, आणि लांब तारेवर चुका सुरू होतात. कनेक्टरमधून रंग डोळ्यांनी वाचणे हाच त्यावर उपाय, किंवा मग जोड्यांमधला गोंगाट मोजणारं महागडं यंत्र.


तारजोड

शून्यएक आणि काटकोन, दोघांचेही आभार. आता लूप, कारण पूर्ण नेटवर्क एका क्षणात झोपवणारा दोष तो एकच.

एकाच स्विचच्या दोन पोर्टमध्ये एकाच तारेची दोन टोकं, किंवा दोन साध्या स्विचमध्ये दोन तारा. झाला लूप. आयपी पॅकेटमध्ये प्रत्येक राउटरवर एकाने घटणारा एक आकडा असतो, तो शून्यावर आला की पॅकेट टाकून दिलं जातं. इथरनेट फ्रेममध्ये असं काहीच नाही. ब्रॉडकास्ट फ्रेम लूपमध्ये शिरली की फिरतच राहते, आणि प्रत्येक फेरीत बाकीच्या सगळ्या पोर्टवरही जाते. मृण्मयीताईंनी सांगितलेली एआरपीची एक हाक पुरते. गिगाबिट तारेवर ६४ बाइटच्या फ्रेम सेकंदाला १४ लाख ८८ हजारपर्यंत मावतात. त्या सगळ्या प्रत्येक संगणकाला वाचाव्या लागतात, कारण ब्रॉडकास्ट सगळ्यांसाठी असतो. वर स्विचला एकच मॅक पत्ता कधी या पोर्टवर तर कधी त्या पोर्टवर दिसत राहतो, त्यामुळे त्याचा तक्ताही खोटा पडतो.

ओळखायचं कसं: सगळ्या पोर्टचे दिवे एकाच लयीत, जवळजवळ सतत पेटलेले. पिंग कधी लागतो, कधी नाही. राउटर बंद-चालू करून काही फरक नाही. उपाय: स्विचमधून एकेक तार काढत जा, दिवे ज्या तारेला शांत होतील तिचा माग काढा. स्विचला स्विच जोडणाऱ्या तारा आधी काढा, म्हणजे कोणता भाग बाधित आहे ते लगेच कळतं.

टेबलाखाली मोकळं पडलेलं टोक कोणीतरी नीटनेटकेपणासाठी भिंतीत खोचतो, हे नेहमीचं कारण. दुसरं लपून राहतं: टेबलावरच्या आयपी फोनला मागे दोन पोर्ट असतात, आत छोटा स्विच असतो. दोन्ही पोर्ट भिंतीतल्या दोन सॉकेटला लावले की लूप पूर्ण.

यावरचा कायमचा इलाज रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये शोधला, तोच स्पॅनिंग ट्री. स्विच आपसात बोलून जादा वाट स्वतःच बंद ठेवतात आणि मुख्य तार तुटली तर ती उघडतात. साध्या, सेटिंग नसलेल्या स्विचमध्ये हे बहुधा नसतं. तीन-चारपेक्षा जास्त स्विच जोडायचे असतील तर मधला तरी मॅनेज्ड घ्यावा असं माझं मत. आणि साखळी करू नका: सगळे स्विच मधल्या एकाला थेट जोडा.


आरंभ

शून्यएक, तुमच्या पायऱ्यांनी प्रिंटर दिसायला लागला, धन्यवाद. आणखी एक शंका. एका जुन्या यंत्राचा पोर्ट १०० एमबीपीएस, फुल डुप्लेक्स असा पक्का करून ठेवला आहे. पिंग व्यवस्थित लागतो, पण मोठी फाइल रांगत जाते. तार बदलली, स्विचचा पोर्ट बदलला. काय बघू?


मृण्मयी

आरंभ, हे डुप्लेक्सचं भांडण आहे, नक्की. फुल म्हणजे दोन्ही दिशांना एकदम, हाफ म्हणजे एका वेळी एकच दिशा. स्विचचा पोर्ट ऑटोवर असणार, म्हणजे समोरच्याशी बोलून वेग आणि डुप्लेक्स ठरवणारा. ऑटोवरचा पोर्ट समोरून बोलणी झाली नाहीत तर वेग ओळखू शकतो, डुप्लेक्स नाही, आणि नियमाप्रमाणे हाफ धरतो. आता यंत्र कधीही पाठवतं, स्विचला मात्र ती टक्कर वाटते. पिंग लहान आणि एकेकटा असतो म्हणून सुटतो; फाइलमध्ये दोन्ही दिशांना एकदम वाहतूक असते, म्हणून तिथे कोसळतं. मॅनेज्ड स्विच असेल तर हाफच्या बाजूला उशिरा झालेल्या टकरांचा आकडा वाढताना दिसेल, फुलच्या बाजूला तपासणीत नापास झालेल्या फ्रेमचा.

यंत्राचा पोर्ट ऑटोवर आणा. तसं करता येत नसेल तर स्विचचा पोर्टही १०० फुलवर पक्का करा. दोन्ही टोकं सारखी हवीत. एकच टोक पक्कं करणं सर्वांत वाईट. गिगाबिटच्या तांब्याच्या पोर्टवर तर ऑटो बंद करूच नये, तिथे बोलणी मानकाचाच भाग आहेत.


काटकोन

वायफायबद्दल दोन ओळी, नाहीतर अ‍ॅक्सेस पॉइंट शीर्षकातच राहील. हवेतलं चॅनेल हबसारखंच सामाईक असतं: एका वेळी एकच बोलतो, आणि टक्कर ऐकू येत नाही म्हणून आधीच टाळावी लागते. लांबच्या खोलीतला एक मंद फोन स्वतःची फाइल तर हळू पाठवतोच, पण चॅनेल अडवून बाकीच्यांचाही वेळ खातो. त्यामुळे अ‍ॅक्सेस पॉइंट दोन असतील तर २.४ गिगाहर्ट्झवर १, ६, ११ यांतलीच वेगवेगळी चॅनेल, रुंदी २० मेगाहर्ट्झ. ३ किंवा ४ निवडलं की शेजारच्या दोन्ही चॅनेलना त्रास होतो. दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट हवेतून जोडण्यापेक्षा तारेने जोडा. एकाच रेडिओवर ऐकून तेच पुन्हा पाठवायचं म्हटलं की वेग निम्म्यावर येतो.

फोनवर इंटरनेट चालतं पण त्याच वायफायवरचा टीव्ही दिसत नाही, अशी तक्रार आली तर पाहुण्यांचं नेटवर्क किंवा आयसोलेशन चालू आहे का बघा. त्यात अ‍ॅक्सेस पॉइंट आपल्याच जोडण्यांना एकमेकांशी बोलू देत नाही.

तारेतून वीज देणार असाल तर स्विचची एकूण क्षमता वाचा. ८०२.३एएफ या मानकात पोर्टला १५.४ वॅट, ८०२.३एटी मध्ये ३०. आठ पोर्टना १५.४ प्रमाणे १२३.२ वॅट लागतात, पण स्विचवर एकूण ६० लिहिलेले असतील तर चौथा कॅमेरा लागू शकतो, पाचवा रात्री दिवे लागल्यावर बंद पडतो. अंधारात कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे पेटले की त्याची भूक वाढते.


शून्यएक

सगळ्यांचं मिळून शोधाचा क्रम देतो, खालून वर:

आधी दिवा. लिंकच नसेल तर आयपीकडे बघायचंच नाही. चालू असलेली तार आणि चालू असलेला पोर्ट आळीपाळीने लावून बघा. लिंक असेल तर तिचा वेग, १०० की १०००. मग संगणकाचा पत्ता, मास्क, गेटवे, डीएचसीपी सर्व्हर. मग गेटवेला पिंग. तो लागला तर लोकल तार आणि स्विच सुटले, पुढचा शोध राउटरच्या पलीकडे. मग बाहेरच्या एखाद्या आयपीला पिंग. तोही लागला आणि संकेतस्थळ उघडत नसेल तर नावाचा पत्ता शोधून देणारा डीएनएस बघायचा.

शेजारच्या संगणकाला पिंग लागत नसेल तर लगेच तार दोषी ठरवू नका. विंडोजचा फायरवॉल पिंगला उत्तर देणं अडवतो, विशेषतः नेटवर्क सार्वजनिक म्हणून नोंदलं गेलं असेल तेव्हा. पिंगनंतर 'एआरपी -ए' चालवा. समोरच्याचा मॅक पत्ता तिथे आला असेल तर फ्रेम जाऊन उत्तर परत आलेलं आहे, म्हणजे तार, स्विच, पोर्ट सगळं ठीक. अडवणूक समोरच्या संगणकात आहे.


आरंभ

मृण्मयीताई, दोन्ही टोकं ऑटोवर आणली, फाइल पूर्ण वेगाने जाते आहे. शेवटचं विचारतो: कॅमेरे आणि संगणक एकाच स्विचवर पण वेगळे ठेवायचे आहेत. त्यासाठी व्हीलॅन, म्हणजे एकाच स्विचमध्ये वेगवेगळी नेटवर्क, लागेल ना? स्मार्ट स्विच आहे. ५ ते ८ पोर्ट व्हीलॅन २० मध्ये टाकले, तरी कॅमेऱ्यांना रेकॉर्डर दिसत नाही. रेकॉर्डरही ८ वरच आहे.


मृण्मयी

हो, व्हीलॅनच. अशा स्विचवर दोन वेगळी पानं असतात आणि दोन्ही भरावी लागतात. सदस्यत्वाच्या पानावर कोणत्या पोर्टमधून व्हीलॅन २० च्या फ्रेम बाहेर पडतील ते ठरतं. तिथे ५ ते ८ अनटॅग्ड हवेत, टॅग्ड नकोत, कारण कॅमेऱ्याला टॅग, म्हणजे फ्रेमवर लावलेला व्हीलॅनचा क्रमांक, कळत नाही. पीव्हीआयडीच्या पानावर त्या पोर्टमधून आत येणारी साधी फ्रेम कोणत्या व्हीलॅनची मानायची ते ठरतं, आणि तिथे बहुतेक अजून १ च असेल. म्हणजे कॅमेऱ्याची फ्रेम व्हीलॅन १ मध्ये शिरते आणि रेकॉर्डर २० मध्ये बसून वाट बघतो. ५ ते ८ चा पीव्हीआयडी २० करा आणि त्याच पोर्टना व्हीलॅन १ च्या सदस्यत्वातून काढा.

हे सगळं १ ते ४ मधल्या पोर्टला लावलेल्या संगणकावरून करा. ज्या पोर्टवर बसून सेटिंग करताय तोच २० मध्ये गेला तर स्विचचं पान हातातून जाईल. आणि शेवटी सेव्हचं बटण वेगळं असतं, ते दाबल्याशिवाय वीज गेल्यावर सगळं जुन्यावर येतं. संगणकांवरून रेकॉर्डर बघायचा असेल तर दोन व्हीलॅनमध्ये राउटर लागेल, आणि कॅमेऱ्यांना वेगळा पट्टा द्यावा लागेल, समजा १९२.१६८.२०.०.